हाराआडचा रस्ता

डॅशकॅम घ्यायचं मी ठरवलं ते काही फार सावध माणूस म्हणून नव्हे. मला एक गोष्ट वडिलांना तोंडावर सांगायची होती आणि ती सांगण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. माझ्याऐवजी ती एखाद्या यंत्रानं सांगितली तर बरं, एवढाच माझा विचार होता.

गोष्ट एका वाक्याची होती. अण्णांनी आता गाडी चालवणं थांबवावं.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माळशिरसकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गाडी चालवली. आधी उसाचा ट्रक, मग जीप. त्या जीपमधून त्यांनी साहेब लोक नेले, बाळंतिणी नेल्या, एकदा चेअरमनच्या मुलीची सगळी वरात नेली, आणि एवढ्या वर्षांत गाडीला कुठे पोचा पडला नाही. निवृत्त होताना कारखान्यानं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ आमच्या बैठकीत आहे. गाडीत बसण्याआधी अण्णा चपला काढतात, देवळात काढतात तशा. मग स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, तिन्ही आरसे बघायचे आणि त्यानंतर किल्ली फिरवायची. या क्रमात मी लहानपणापासून कधी बदल पाहिलेला नाही.

आई गेल्यावर ते नातेपुत्याचं घर बंद करून आमच्याकडे सोलापूरला आले. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोची बदली अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावच्या शाळेत झाली. बस फाट्यावर सोडते. तिथून शाळा अडीच किलोमीटर, आणि तिचा गुडघा तेव्हाच कुरकुर करायला लागला होता. मी एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे. दहाचं ऑफिस. साडेआठऐवजी आठला निघालो असतो तर तिला सोडून वेळेत परत येता आलं असतं. मी "बघू" म्हणालो. त्या "बघू"वर महिना गेला. मग एका सकाळी अण्णांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि म्हणाले, "मी हाय की."

मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. आता लिहिताना याची लाज वाटते, पण तेव्हा खरोखर हायसंच वाटलं होतं. संध्याकाळी ऑफिसातून आलो की दमल्यामुळे माझ्याकडून चहाचा कप बशीत नीट ठेवला जात नसे. एक काम डोक्यावरून उतरलं होतं, मग ते कुणाच्या डोक्यावर चढलं हे बघायला कोण जातो?

तर ते दोघं रोज साडेआठला निघायचे. ती पुढे, त्यांच्या शेजारी. दिवसभर अण्णा शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली पेपर घेऊन बसायचे आणि शाळा सुटली की तिला घेऊन यायचे. गुरुवारी शाळेवरून दोघं तसंच पुढे अक्कलकोटला दर्शनाला जायचे. येताना तिथला हार आणायचे आणि अण्णा तो गाडीतल्या मधल्या आरशाला अडकवायचे. पुढचा गुरुवार येईपर्यंत तो तिथेच सुकत राहायचा.

गेल्या दिवाळीत गाडीच्या डाव्या मागच्या दाराला लांब ओरखडा दिसला. "उसाचा ट्रॅक्टर घासून गेला," अण्णा म्हणाले. थोड्याच दिवसांत बंपरचा डावा कोपरा आत गेला. "उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं." बायको शेजारीच उभी होती. तीही म्हणाली, "हो, उभीच होती गाडी." आणि मार्चमध्ये एके दिवशी गाडी दारात आली ती डावा आरसा नसलेली. आरशाच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. त्या वेळी अण्णा सरळ आत जाऊन हातपाय धुऊन बसले.

त्याआधीच मला एक फरक जाणवला होता. पूर्वी दूध आणायलासुद्धा गाडी काढणारे अण्णा आता तिच्या शाळेखेरीज कुठेही गाडी नेत नव्हते. "पेट्रोल काय फुकट हाय का? चालल्यालं बरं असतं," म्हणायचे आणि कडेकडेनं, भिंतीचा आधार घेत चालत जायचे. मी म्हटलं, वय झालं. थकले. थकलेल्या माणसाच्या हातात माझी बायको रोज ऐंशीच्या वेगाच्या रस्त्यावर जाते-येते हा विचार मग मला सोडेना. पण एकतीस वर्षं निष्कलंक गाडी चालवलेल्या माणसाला "तुम्हाला आता जमत नाही" हे म्हणायचं कसं? रोज संध्याकाळी मी ठरवून घरी यायचो आणि जेवून झोपायचो.

मग मला डॅशकॅम सुचला. चूक झाली की चित्रात दिसेल. चित्र त्यांच्यापुढे ठेवायचं. मी काही बोलायचंच नाही.

निवड करण्यात मी पंधरा दिवस घालवले. रोज दुपारी फोनवर माहितीचे व्हिडिओ बघायचो. त्यातली माणसं गुळगुळीत हायवेवरून, ढगाळ हवेत गाडी चालवत चित्र किती स्वच्छ येतं ते सांगायची. कुणाचा कोन जास्त, कुणाचं रात्रीचं चित्र चांगलं, कुणाचं फोनला जोडता येतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये गाडी दिवसभर शाळेच्या आवारात तापत उभी राहिल्यावर त्या डब्याचं काय होतं, हे एकही सांगत नव्हता. मी फुल्या आणि बरोबरच्या खुणांची यादी वाढवत राहिलो. खरं तर निवड लांबली की बोलणंही लांबत होतं, आणि मला तेच हवं होतं.

शेवटी एका शनिवारी सात रस्त्याजवळच्या एका दुकानात गेलो. सीट कव्हर, हॉर्न, पायपुसणी असलं सगळं विकणारं ते दुकान. मालक माझ्याच वयाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा. काउंटरवर चार डबे मांडून त्यानं मला विचारलं,

"कायकू होना सर? चोरी के वास्ते, अॅक्सिडेंट के वास्ते, का डायवर के वास्ते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

तो मराठीत आला. "म्हंजे चोरीसाठी पायजे तर उभ्या गाडीत चालू राहणारा घ्या. अॅक्सिडेंटसाठी पायजे तर नुसता समोरचा चालतो. आन् डायवरवर नजर ठेवायची असली तर ह्यो. ह्यो बाहेर बी बघतो, आत बी बघतो."

त्यानं तो आत बघणारा डबा माझ्या हातात दिला. त्याला पाठीमागे एक बारीक काळा डोळा होता. तो दिवसभर अण्णांच्या तोंडाकडे बघत राहणार. ते चपला काढताना, कपाळाला हात लावताना बघणार. मी तो खाली ठेवला.

"अॅक्सिडेंटसाठी," मी म्हटलं. 

"मग समोरचा घ्या. पर बॅटरीवाला नको. सोलापूरचं ऊन म्हायतंय की तुमाला. मे महिन्यात बॅटरी फुगून काचेवरून खाली पडते. ह्याच्यात बॅटरी न्हाय, कपॅसिटर आहे. गरमीत टिकतो." आणि मग म्हणाला, "आवाज बी येतो ह्याच्यात. बंद करायचा आसंल तर बटन आहे."

मी म्हटलं, असू दे. आवाजाचा मी विचारच केला नव्हता.

त्यानं स्वतःच बसवून दिला. सकाळी गाडी धुताना मी जुना हार काढून टाकला होता, त्यामुळे आरसा मोकळा होता. मधल्या आरशाच्या मागे काचेला चिकटवला, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेआड येत नाही म्हणाला. वायर आतून घ्यायला त्यानं डॅशबोर्डचा खण रिकामा केला आणि वस्तू सीटवर मांडल्या. गाडीचे कागद, फडकं, टॉर्च, उदबत्तीचा पुडा आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली. "ड्रॉप गाडीत ठेवू नका सर, उन्हानं खराब होतात," तो म्हणाला. खडूच्या धुळीनं बायकोचे डोळे चुरचुरतात, तिचीच असणार, असं समजून मी घरी आल्यावर ती तिच्या हातात दिली. तिनं ती पर्समध्ये टाकली.

अण्णांना मी नवं यंत्र दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, ते ओळखतील. पाळत ठेवतोस का म्हणतील. म्हणाले असते तर बोलणं तरी सुरू झालं असतं. पण त्यांनी जवळ जाऊन, मान वाकडी करून ते नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लई बरं केलंस. आता कोण खोटं बोललं तर दाखवता येतंय की. आमच्या टायमाला असतं तर किती भांडणं वाचली असती."

दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांनी गाडीची पूजा केली. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. बायको कॅमेऱ्याला कुंकू लावायला गेली तर म्हणाले, "काचेला नगं लावू. डोळा हाय त्यो. डोळ्यावर काय ठिवू न्हाय." तिनं कडेच्या काळ्या भागावर बोट टेकवलं. मी हात जोडून मागे उभा होतो आणि मला स्वतःची किळस येत होती. तरी मी तो कॅमेरा काढला नाही.

कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मी ऑफिसात न्यायला लागलो. संध्याकाळी गाडी आली की कार्ड काढायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरं घालायचं. दुपारी डबा उघडला की समोर कॉम्प्युटरवर आदल्या दिवसाचा रस्ता लावायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्पीकर नाहीत, त्यामुळे नुसतं मुकं चित्र. तीन-तीन मिनिटांचे तुकडे, कोपऱ्यात वेळ आणि वेग. भाकरीचा घास तोंडात आणि नजर वडिलांच्या चुकीवर.

चूक सापडेना. सोमवार झाला, मंगळवार झाला, बुधवारही झाला. वेग बेचाळीस, चव्वेचाळीस, गावात शिरताना वीस. ट्रॅक्टरच्या मागे हातभर नव्हे, चांगलं चार गाड्यांचं अंतर. ओव्हरटेक नाहीच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी ताकाचा ग्लास घेऊन मागे उभा राहिला आणि म्हणाला, "कोण चालवतंय हो? आमच्या पोराला शिकवायला सांगा." एक गोष्ट तर मला फारच विशेष वाटली. रस्त्याच्या कडेनं सायकल चित्रात शिरायच्या आधीच गाडी हळू व्हायची. पुढे काहीच दिसत नसायचं, वेग मात्र चाळीसवरून पंचवीसवर यायचा, आणि मग डाव्या कडेनं सायकलवाला चित्रात यायचा. एकतीस वर्षांचा अनुभव, मी मनात म्हटलं.

अभिमान वाटायला हवा होता. मला चिडचिड झाली. मला चूक हवी होती, आणि बापानं ती करावी म्हणून मी रोज दुपारी डोळे लावून बसत होतो. माणूस फार दमला की असा होतो का, की मी मुळातच असा आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी गुरुवारचं कार्ड लावलं. शाळेपर्यंतचा सकाळचा रस्ता स्वच्छ होता. दुपारी अक्कलकोटपर्यंतचाही. परतीचा पहिला तुकडा उघडला आणि पडदाभर झेंडू. पिवळा, केशरी, मध्ये एखादी पांढरी शेवंती. गाडी चालली की हार डावीकडे झुलायचा, ब्रेक लागला की पुढे येऊन काचेवर आदळायचा. फटीतून क्षणभर डांबर दिसायचं आणि पुन्हा फुलं. पुढचा तुकडा, त्याच्या पुढचा, सगळे तसेच. कॅमेरा आरशामागे आणि हार आरशाला. बसवताना मला सुचलं नाही, दुकानदाराला सुचलं नाही, आणि अण्णांना सुचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या दृष्टीनं हार आरशालाच असतो.

मी प्रमाणाबाहेर संतापलो. पंधरा दिवस डोकं शिणवून निवडलेलं यंत्र आणि त्यात दिसतात फुलं. शनिवारी अर्धा दिवस होता. कार्ड घरी घेऊन गेलो. संध्याकाळी अण्णा बैठकीत खुर्चीवर बसले होते. बायको स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. शिकायला बाहेरगावी असलेल्या आमच्या मुलीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, तो मी अण्णांसमोर स्टुलावर ठेवला.

"अण्णा, हे बघा. काय दिसतंय तुम्हाला?"

ते पुढे वाकले. "फुलं हायत की. लई झ्याक."

"फुलंच आहेत. फुलांसाठी घेतला का मी हा? डोळ्यावर काही ठेवू नये म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

मी पुढचाही तुकडा लावला. आणि या कॉम्प्युटरला आवाज होता.

आधी नुसती इंजिनाची घरघर आली. मग माझ्या बायकोचा आवाज, तिचा वर्गातला, प्रत्येक शब्द सुटा करणारा.

"डावीकडून सायकल."

"हं."

"लांब आहे. हळू. थांबा. गेली. चला."

"म्होरं?"

"मोकळं. उजवीकडून ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या."

"मोजून सांग."

"एक. दोन. गेला. डावीकडं दोन माणसं चालतात. अजून डावीकडं. आता गेली. जाऊ द्या."

पडद्यावर फुलं झुलत होती. बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला तो तुकडा थांबवता आला असता, पण मी थांबवला नाही. तो संपून दुसरा आपोआप सुरू झाला.

"आता किती सोपं सांगतीस," अण्णांचा आवाज. "पैल्यांदा म्हनायचीस, अहो अण्णा तो बघा एक मुलगा सायकलवरनं येतोय. तवर सायकल बॉनेटवर यायची. क्लीनरनं तीन शब्दांवर बोलू न्हाय. ट्रकवर आमाला ह्येच पैलं शिकवलं व्हतं."

ती हसली. लॅपटॉपमधून तिचं हसणं आलं. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मग ती म्हणाली, "त्यांनी परवा थेंबांची बाटली बघितली, अण्णा."

"काय बोलला?"

"काही नाही. माझी समजले."

"मग सांगू नगंस. आधीच त्याच्यामागं लई हाय. घरी येतंय तवा तोंडात शब्द ऱ्हात न्हाय पोराच्या. ह्यो एक फेरा तरी मी उचलतो. जमंल तवर."

"जमेल तोवर. डावीकडून म्हैस."

गाडी थांबल्याचा आवाज आला. हार पुढे येऊन काचेवर आदळला.

"बंद कर," खुर्चीतले अण्णा म्हणाले. 

मला बटण सापडेना. बायकोनं येऊन पिठाच्या हातानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. त्यावर तिची चार बोटं उमटली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "दाराला ओरखडा आला त्यानंतर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. कडेचं गेलंय, समोरचं आहे. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी सांभाळायचं."

"आणि आरसा?"

"त्या दिवशी मला ताप होता. मी डोळे मिटून बसले होते. शाळेचं फाटक लागलं."

मग मात्र मी बोललो. इतके दिवस न बोललेलं सगळं बोललो. तुला काही झालं असतं म्हणजे? रस्त्यानं चाललेल्या एखाद्या पोराला लागलं असतं म्हणजे? तू शिक्षिका आहेस ना? एका माणसाच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या पायांनी गाडी चालते का? माझं सगळं खरं होतं आणि तिनं ते खोडलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रोज गाडीतून उतरले की आधी फाटकाला धरून उभी राहते मी."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

ती हात पुसत होती. पीठ वाळलं होतं, निघत नव्हतं. 

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

काय म्हणालो असतो ते मला माहीत होतं. "बघू" म्हणालो असतो. तिनं तो शब्द उच्चारला नाही हा तिचा मोठेपणा.

"तिला बोलू नगंस," अण्णा म्हणाले. "मीच गळ घातली व्हती." ते उठले, शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि भिंतीजवळ गेले. खिळा जरा बाजूला आहे. त्यांनी आधी तळहातानं भिंत चाचपली, मग खिळा लागला, मग त्याला किल्ली अडकवली. हे मी किती महिने बघत होतो? ते रोज असंच करत असणार आणि मी रोज समोर बसून चहा पीत असणार.

रविवारी अण्णांनी पेपर वाचला. कॅमेऱ्यानं माझं काम केलं होतं. माझ्या मनात होतं तसंच झालं होतं, किल्ली खिळ्यावर आली होती आणि ती मागायला मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. बारा-पंधरा वेळा तरी मी त्या किल्लीकडे पाहिलं असेल. मला एकदाही बरं वाटलं नाही.

सोमवारी साडेसहाला उठलो. आठ वाजता किल्ली घेतली. बायको डबा भरून तयार होती. अण्णा खुर्चीवर बसून राहिले होते, पण धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून.

"अण्णा, चला," मी म्हटलं.

"मी कशाला? तू हायस की."

"गाडीचा आवाज तुम्हाला कळतो तेवढा मला कळत नाही. सोबत या."

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "मला कडेचं दिसत न्हाय."

सहा महिन्यांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा माझ्याशी म्हटलं, साधं, जेवणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मला आता काहीतरी म्हणायला हवं होतं. ते एक वाक्य मी एवढ्या महिन्यांत जुळवत आलो होतो, आता त्यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

"समोरचं सांगा," मी म्हटलं. "कडेचं ती सांगेल. रोज यायचं तुम्ही. मी सोडतो सकाळी."

"अन् तुजं हापिस?"

"दहाला आहे. पोचतो मी."

संध्याकाळचं त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी तिच्या शाळेतल्या एका बाईंबरोबर ती फाट्यापर्यंत स्कूटीवर येणार होती आणि तिथून बसनं. हे तिनं आणि मी रविवारी ठरवलं होतं. तिचा गुडघा त्यात किती टिकेल ते मला माहीत नाही, आणि त्यासाठी आणखी काय करायचं तेही अजून ठरलेलं नाही.

खाली आल्यावर अण्णा सवयीनं उजव्या दाराकडे गेले. हँडलला हात घातला. मग हात काढून, बॉनेटवर बोटं टेकवत, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. तिथेही त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी आत बसले. बसल्यावर त्यांनी आरशाचा सुकलेला हार हळूच सोडवून मांडीवर घेतला. "डोळा झाकला व्हता म्यां," म्हणाले. त्यांचा उजवा हात समोर गेला, स्टिअरिंगपर्यंत पोचला नाही, म्हणून त्यांनी डॅशबोर्डला लावून तो कपाळाला लावला. बायको मागे बसली. 

अक्कलकोट रस्त्याला लागलो. मी बऱ्याच दिवसांनी इतकी गाडी चालवत होतो. "तिसरा टाक," अण्णा म्हणाले. मी टाकला. थोड्या वेळानं म्हणाले, "कशाला रेटतोस तिला? आवाज ऐक की. चौथा मागतीय ती." मी चौथा टाकला आणि गाडी खरंच शांत झाली. आम्हां तिघांनाही जरा सैल वाटलं असावं. बायकोनं मागून काच खाली केली.

फाट्याच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. तिथे मागून तिचा आवाज आला, वर्गातला, सुटा.

"डावीकडून सायकल."

मला ती आधीच दिसली होती. मी ब्रेक दाबला. शाळेला निघालेला सायकलवाला मुलगा पुढून निघून गेला आणि मी शेजारी पाहिलं. अण्णांनी माझ्याबरोबरच उजवा पाय दाबला होता. तो अनवाणी पाय चटईवर जिथे काहीच नव्हतं तिथे पुरा टेकलेला होता, अंगठा पांढरा पडेपर्यंत. "गेली," बायको म्हणाली, "चला." अण्णांनी पाय उचलला नाही. त्यांनी पाय उचलेपर्यंत मी गाडी तशीच उभी ठेवली.